शमीमबाईंचा उजवा गाल

कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न खुणांचाच विचारतात. त्यांना वाटतं, आमचं सगळं काम हातांचं. नोकरीला लागले तेव्हा मीही तसंच समजत होते. पहिल्याच आठवड्यात शमीमनं वर्गात येऊन माझे दोन्ही हात धरून खाली केले आणि म्हणाली, "हात नंतर. आधी तोंड दाखव त्यांना. पोरं तोंडाकडं बघतात गं, आणि तू फळ्याकडं बघून बोलायलीस."

शमीम सगळ्यात लहान वर्गाची बाई. तिच्याकडं यायची ती तीन-चार वर्षांची पोरं. जगात आवाज नावाची गोष्ट असते हेच त्यांना माहीत नसायचं. कानाला मशीन लावलेलं, डोळे भिरभिरते, आईचा पदर मुठीत. त्यांच्या तोंडून पहिला शब्द काढायचा हे शमीमचं काम. मी वरच्या वर्गांना गणित शिकवायचे. माझ्याकडं येईपर्यंत पोरांजवळ शब्द आलेले असायचे, आणि ते बहुतेक शमीमनं दिलेले असायचे.

ती कधीही खिडकीला पाठ करून बसली नाही. वर्ग कोणताही मिळो, आधी खुर्ची फिरवायची. "उजेड माझ्या तोंडावर पाहिजे. पाठीवर घेऊन काय करू?" ओठांना ठळक लाल लिपस्टिक लावायची. शाळेतल्या एका जुन्या बाईंनी त्यावरून टोमणा मारला, तेव्हा शमीम शांतपणे म्हणाली, "तुम्ही फळ्यावर पांढरा खडू वापरता ना? हा माझा खडू."

पालकांसाठी तिची एकच अट होती. बापाला मिशी नको. वाळूजला कंपनीत कामाला असलेला एक बाप रात्रपाळी संपवून तसाच मोटारसायकलवर मुलाला घेऊन आला होता. त्याची मिशी ओठांवर छपरासारखी आलेली.

"मिशी काढा," शमीम म्हणाली.

"बाई, आमच्या खानदानात कुणी मिशी काढत नाय. बाप गेल्यावरच काढत्यात."

"खानदान पोराला दिसत नाय, मिशी दिसते. तुमचे ओठ कुठंयत? तो तुमच्याकडं बघून काय शिकणार, झाडू?"

चार दिवसांनी तो माणूस सफाचट होऊन आला. पण मुलगा काही त्याच्या जवळ जाईना. परका माणूस समजून भोकाड पसरून शमीमच्या मागं लपला. शमीम इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं. मग तिनंच मुलाचा हात धरून बापाच्या उघड्या ओठांवर ठेवला आणि बापाला म्हणाली, "आता बोला. बाबा म्हणा."

'प' शिकवायची तिची रीत मी अजून वापरते. वर्तमानपत्राची बारीक पट्टी ओठांसमोर धरायची आणि 'प' म्हणायचं. पट्टी उडते. पोराला आवाज ऐकू येत नाही, पण उडालेला कागद दिसतो. मग तेही ओठ मिटतं, गाल फुगवतं, फुंकतं, थुंकतं, आणि एक दिवस कागद उडतो. 'म'ला कागद उडत नाही, तेव्हा पोराचा तळहात आपल्या गालावर ठेवायचा, थरथर कळते. प, ब, म. दोन ओठ मिटल्याशिवाय होत नाहीत, आणि ओठांवर दिसतात, म्हणून पोरांना ही अक्षरं सगळ्यात आधी येतात. पाणी, पप्पा, बाबा, मम्मी, मामा. शमीम म्हणायची, "अल्लानं लई हुशारीनं केलंय. लेकराला लागतात ते सगळे शब्द ओठांवरच ठेवलेत."

तिच्या रागालाही आवाज लागायचा नाही. मैदानावर पोरं मारामारी करू लागली तर आम्ही धावत जायचो. शमीम जागेवर उभी राहायची, भुवया एकत्र आणायची, ओठ घट्ट मिटायची. एका पोराचं लक्ष जायचं, ते दुसऱ्याला कोपरानं ढोसायचं, आणि बघता बघता सगळं मैदान थांबायचं.

एका उन्हाळ्यात तिच्या उजव्या कानाखाली वाटाण्याएवढी गाठ आली. डबा खाताना ती तिथं बोट फिरवायची. मी विचारलं तर म्हणाली, "दाढेची असंल. जाईल." गेली नाही. दिवाळीपर्यंत बोराएवढी झाली. तिचे मिस्टर, सलीमभाई, तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेले. गाठ लाळेच्या ग्रंथीत होती, आणि वाईट होती.

ऑपरेशनच्या आधी सर्जननं तिला समजावून सांगितलं. चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीच्या पोटातून जाते आणि पंख्यासारखी गालभर पसरते. "वाचवता आली तर वाचवू," ते म्हणाले. नाही वाचवता आली. गाठीनं नसेला वेढलं होतं. जीव राखायचा तर नस काढावी लागली.

मी भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. डावी बाजू शमीमची होती. उजवी बाजू कुणीतरी वरून दोर कापावा तशी खाली आली होती. भुवई डोळ्यावर, डोळा उघडा आणि पाण्यानं भरलेला, गाल सपाट, ओठाचा कोपरा लोंबलेला. तिनंच माझा हात धरला. "वैशाली, बघ," म्हणाली, आणि खाटेवरच्या वर्तमानपत्राची पट्टी फाडून ओठांसमोर धरली.

पट्टी हलली नाही. वारा उजव्या कोपऱ्यातून फुस्स करून निघून गेला. तिनं पुन्हा केलं. पुन्हा केलं. शेवटी सलीमभाईंनी तिच्या हातातून हळूच ती पट्टी काढून घेतली आणि खिशात घातली.

नंतर रेडिएशन झालं. आमच्याकडं त्याला शेक म्हणतात. शेकानं उरलासुरला गालही कडक झाला. घोट घेताना पाणी हनुवटीवर यायचं, घास गालात अडकायचा, तो बोटानं काढावा लागायचा. डोळा मिटत नसल्यामुळं दिवसा थेंब, रात्री पट्टी, तीही झोपेत निसटायची. "सलीम म्हणतो, तू झोपेतपण मला बघत असतेस," ती सांगायची. सांगून हसायची, आणि हसल्यावर तोंड डावीकडं आणखी ओढलं जायचं, म्हणून लगेच हात तोंडावर न्यायची. आमच्या शहरात गाडीवर बसणाऱ्या बायका उन्हासाठी स्कार्फ तोंडाला गुंडाळतात, डोळेच काय ते उघडे. शमीमही बांधायची. आता ती गाडीवरून उतरल्यावरही तो सोडेना. वर्गाच्या दारात पोचली की सोडायची, पोरांपुरता.

मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बोलणं शिकवणं काही दिवस दुसऱ्या बाई बघतील. तुम्ही खुणांवर भर द्या." पण बाहेरच्यांना माहीत नसतं की खुणांची भाषाही अर्धी चेहऱ्यावर असते. 'तू जेवलास' आणि 'तू जेवलास का?' यात हातांचा फारसा फरक नसतो. प्रश्न भुवयांत असतो. शमीमची एकच भुवई उठायची. ती विचारायची, आणि पोरं गोंधळून नुसती बघत राहायची. ती सांगतेय की विचारतेय?

तरी तिनं बोलणं शिकवणं सोडलं नाही. नवीन तुकडी आली होती. त्या पोरांनी तिचा आधीचा चेहरा पाहिलेलाच नव्हता. तिला वाटलं, यांना काय फरक पडतो, यांच्यासाठी मी अशीच.

मग एक दिवस एक आई शाळेत आली. घाबरलेली होती. "मॅडम, जरा बघा ना. माझ्या लेकीचं तोंड वाकडं व्हायलंय. बोलाया लागली की एका अंगाला जातंय. डॉक्टर म्हणतेत काय नाय, पण मला लकवा वाटतोय." शमीमनं मुलीला समोर बसवलं आणि 'मामा' म्हणायला सांगितलं. मुलीनं तोंड एका बाजूला ओढलं आणि म्हटलं. अगदी बरोबर म्हटलं, शमीम म्हणायची तसंच.

शमीमनं बाकीच्या पोरांनाही एकेक करून समोर बसवलं. बहुतेकांचं तोंड तसंच एका बाजूला जात होतं. मी दारात उभी होते. ती खुर्चीवरून उठली नाही. आईला म्हणाली, "लकवा नाहीये बाई. तुमची मुलगी हुशार आहे. जसं बघितलं तसं शिकली."

त्यानंतर ती चेहरा सरळ करायच्या ऑपरेशनला तयार झाली. तोपर्यंत सलीमभाई सांगून सांगून थकले होते.

प्लास्टिक सर्जनकडं मी तिच्यासोबत गेले, कारण सलीमभाईंना असं काही ऐकवत नसे. डॉक्टर तरुण होते, घाई न करणारे. त्यांनी कागदावर चेहरा काढला. म्हणाले, "मॅडम, रस्ते बरेच आहेत. सगळे सांगतो, मग ठरवू. पहिला डोळा. वरच्या पापणीत सोन्याचं बारीकसं वजन बसवतो. त्याच्या भारानं पापणी खाली येते."

"निकाहनंतर पहिल्यांदा सोनं मिळतंय," शमीम म्हणाली, "तेही आतल्या बाजूनं." डॉक्टर हसले. मीही.

मग ओठांचं. सगळ्यात सोपं म्हणजे मांडीतून स्नायूवरच्या आवरणाची एक पट्टी काढायची आणि ओठाचा कोपरा वर बांधून ठेवायचा. चेहरा सरळ दिसेल, पण हलणार नाही. दुसरं, कानशिलावरचा चावायचा स्नायू आहे, त्याचं टोक खाली आणून ओठाला जोडायचं. तिसरं सगळ्यात सुंदर, पण लांबचं. पोटरीतली नस काढायची, ती डाव्या गालातून वरच्या ओठाखालून उजवीकडं आणायची, तिच्यात जीव उतरायची वाट बघायची, आणि मग मांडीतला स्नायू गालात बसवून तिला जोडायचा. "असं जमलं तर डावी बाजू हसली की उजवी आपोआप हसते," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचा शेक झालाय. नस इथवर पोचेलच असं मी सांगणार नाही." चौथा रस्ता म्हणजे तोच मांडीतला स्नायू, पण चावण्याच्या नसेला जोडलेला. एकाच ऑपरेशनात काम होतं. "ही नस दणकट असते. दात आवळले की गाल वर जातो. आरशासमोर सराव करायचा, मग हसू येतं."

शमीमनं सगळं ऐकून घेतलं. "आणि प?" तिनं विचारलं.

"काय?"

"प, ब, म. माझे ओठ मिटतील का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोपरा वर आला की थोडं सुधारेल. पण ओठ मिटवणारा स्नायू गोल असतो, तो नवा करता येत नाही. भुवई वर उचलून ठेवता येईल, पण ती हलणार नाही. खरं सांगायचं तर मॅडम, आम्ही हसू देऊ शकतो. बोलणं नाही."

"मला कुठं हसायचंय, डॉक्टरसाहेब? मला शिकवायचंय."

तिनं कागदावरच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि चौथ्या रस्त्यावर बोट ठेवलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "निदान सरळ तर दिसेन. पोरांची तोंडं तर वाकडी होणार नाहीत."

ऑपरेशन चांगलं झालं. हे मला स्पष्ट सांगायला हवं, कारण डॉक्टरांची काही चूक नव्हती. डोळा मिटायला लागला. ओठाचा कोपरा वर आला. मग नुसती वाट बघणं. ती रोज आरशासमोर बसायची, दात आवळायची. गाल दगड. पाऊस संपता संपता एका सकाळी तिचा फोन आला. "वैशाली, हलला. माशी बसल्यासारखा हलला." पुढच्या काही महिन्यांत त्या हलण्याचं हसू झालं. डॉक्टरांनी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून दाखवला तेव्हा सलीमभाई खोलीच्या बाहेर जाऊन रडले. शाळेत आम्ही पेढे वाटले.

शमीमला मात्र काहीतरी खटकत होतं. ती जेवताना भिंतीकडं तोंड करून बसू लागली. भाकरी चावली की उजवा गाल वर जायचा. एक घास, एक हसू. एकदा डबा मिटत मला म्हणाली, "मैयतीला गेले होते काल. रडू आवरायला दात आवळले. समोरची बाई माझ्याकडं बघायलाच लागली." मी म्हटलं, सरावानं जाईल. डॉक्टरही तेच म्हणाले होते. हसणं आणि दात आवळणं वेगळं करायला शिकता येतं, वेळ लागतो.

तो वेळ मिळाला नाही.

शाळेचं रंगकाम चाललं होतं. मधल्या सुट्टीत रंगाऱ्यांची शिडी भिंतीला तशीच टेकवलेली राहिली. शमीम दोन लहानग्यांना दोन हातांनी धरून नळाकडून येत होती. गौरी नावाची सात वर्षांची मुलगी शिडीवर निम्म्यापर्यंत चढलेली. तिनं वरून शमीमकडं बघितलं. आमची पोरं असंच करतात. काही नवीन करायचं असलं की आधी बाईंच्या तोंडाकडं बघतात, चालेल का?

शमीमचे हात गुंतलेले. ओरडून उपयोग नव्हता, गौरीला काहीच ऐकू यायचं नाही. शमीमनं ते केलं जे ती इतकी वर्षं करत आली होती. तिनं दात आवळले, ओठ आवळले, सगळा राग तोंडावर आणला. आणि तिचा उजवा गाल वर गेला.

मी व्हरांड्यातून पाहिलं. शमीम हसत होती. छान, मोठं, मनापासूनचं वाटेल असं हसत होती.

गौरीही हसली. वर चढली, आणि वरून शमीमला हात करताना पडली.

मनगट आणि कोपराच्या मधे हाड दोन ठिकाणी मोडलं. पोर वाचली, हात पुढं बरा झाला, थोडा वाकडा राहिला. दवाखान्यात गौरीच्या आईनं तिला खुणांनी विचारलं, कशाला चढलीस? गौरीनं चांगल्या हातानं सांगितलं, मॅडम हसल्या. मॅडम म्हणाल्या, चढ.

आईनं तक्रार केली नाही. कुणीच केली नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, शिडी ठेवणाऱ्यांची चूक. शमीम ऐकून घ्यायची. आठवडाभरानं ती एकटीच डॉक्टरांकडं गेली. तिथं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं, अगदी सपाट आवाजात.

"मी म्हटलं, हा स्नायू काढून टाका. नाहीतर त्याची नस कापा."

"मग?"

"डॉक्टरसाहेब माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, मॅडम, एवढ्या हसण्यासाठी लोक माझ्यासमोर रडतात. म्हटलं, मला माहितीय. तुम्ही दिलेलं चांगलंय. पण मी रागावले की हसते. घाबरले की हसते. ऐकू येणाऱ्या माणसांत चालून जाईल, आवाजावरून कळतं त्यांना. माझ्या पोरांना फक्त हेच कळतं." तिनं गालावर बोट टेकवलं. "हा चेहरा गप्प राहिला तर राहू दे. खोटं नको बोलायला."

"काय म्हणाले मग?"

"जिवंत स्नायू असा कापत नाहीत म्हणाले. सराव करा. एक इंजेक्शन असतं, त्यानं काही महिने सैल पडतो, पाहिजे तर देतो. नक्को म्हटलं. किती वेळा चेहरा बदलू? पोरं किती वेळा नव्यानं शिकतील?"

मी तिला म्हटलं, वरच्या वर्गाला ये, माझ्याऐवजी गणित शिकव, ऑफिसात बस, ग्रंथालय बघ. तिनं माझा शब्द मोडायचा नाही म्हणून काही दिवस ऑफिसात बसून पाहिलं. मधल्या सुट्टीत छोटी पोरं दाराशी यायची, तिच्या तोंडाकडं बघायची. ती मान खाली घालून बसायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही.

सुरुवातीला मी घरी जायचे. सलीमभाई दार उघडायचे, म्हणायचे, "ताई, आत्ताच झोपली." आतून भांड्यांचा आवाज यायचा. मी चहा घेऊन परत यायचे. गाठ पुन्हा आली नाही, तपासण्या चांगल्या आहेत, एवढं ते दरवेळी आवर्जून सांगायचे, जणू मी तेच विचारायला आले होते. फोन ती घ्यायची नाही. पुढं मीही कमी केले.

या उन्हाळ्यात मुलीच्या ड्रेसचं कापड बघायला गुलमंडीच्या बाजारात गेले होते. त्या दुकानात आमचा जुना विद्यार्थी अमोल काउंटरला आहे. चांगला मोठा झालाय, लग्न झालंय, मालकाच्या विश्वासातला माणूस आहे. कानाला मशीन, आणि बोलणं इतकं स्वच्छ की नवीन गिऱ्हाइकाला चटकन कळत नाही. तो एका बाईला कापड दाखवत होता. बाईच्या तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा. तो ताग्यामागून तागा उलगडत होता. हे? की हे? भुवया उंचावून विचारत होता. ती कापडाकडं बघत नव्हती. त्याच्या तोंडाकडं बघत होती.

मालकानं पलीकडून त्याला काहीतरी विचारलं, त्यानं मान वळवून खणखणीत उत्तर दिलं. त्या बाईनं काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. तेव्हा मी तिला ओळखलं.

तिनंही मला पाहिलं. मी पुढं झाले, तशी तिनं मान हलवली. अगदी थोडी, डावीकडून उजवीकडं. नको. मी थांबले. ती वळली, पायऱ्या उतरून गर्दीत गेली. काही न घेता गेली म्हणून अमोल क्षणभर बघत राहिला, मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं आणि चेहरा उजळला.

आमची मुलं प्रत्येक बाईला एक खूण ठेवतात. नावं उच्चारायला जड जातात म्हणून. माझी खूण चष्मा. अमोलनं डोळ्यांपाशी बोटांचे गोल केले, नमस्कार केला, घरचे कसे आहेत विचारलं. मग त्यानं एक बोट आपल्या उजव्या गालावर टेकवलं आणि हलकेच फिरवलं, हसताना शमीमला पूर्वी खळी पडायची तिथं. पोरांनी तिला ठेवलेली खूण. पुढं नुसत्या भुवया उंचावल्या. बरी आहे ना?

ती बरी आहे, अशी मी खूण केली. तो हसला, आणि तिनं उलगडायला लावलेली कापडं एकेक करून घडी घालू लागला.